बाबांची बंदूक विकायची आहे: स्टॅम्पपेपर पुरतो का, आणि कागद किती वर्षं जपायचे?

कुडाळ तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय. वडील ७४ वर्षांचे. त्यांच्या परवान्यावर डबल बारची, म्हणजे दोन नळ्यांची, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदूक आहे, आजोबांकडून आलेली. परवाना चालू आहे. आता बागेत माणूसच राहत नाही, बंदूक पडून आहे. कागल तालुक्यातले एक ओळखीचे गृहस्थ ती घ्यायला तयार आहेत, त्यांच्याकडेही परवाना आहे. "पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा करू, नोटरी करू, पैसे घेऊ आणि बंदूक देऊ. एवढं पुरे ना? आणि हा करारनामा किती वर्षं सांभाळायचा?"

पुरत नाही. स्टॅम्पपेपर हा या व्यवहारातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा कागद आहे. माझ्या दुकानाच्या गल्ल्यापाशी असे स्टॅम्प घेऊन आलेली माणसं मी तीस वर्षं बघतोय, आणि दर वेळी मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: परवान्यावरची नोंद कमी झाली का? ती झाली नसेल, तर तुम्ही बंदूक दिली असेल, पैसे घेतले असतील, पण विकली नाही. सरकारच्या लेखी ती अजून तुमच्याच घरात आहे.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही हिशेबात धराल. मी परवानाधारक शस्त्रविक्रेता आहे, घरातली तिसरी पिढी. जुन्या बंदुकांच्या खरेदी-विक्रीवरच आमचं पोट. त्यामुळे "दुकानामार्फत करा" असं मी म्हटलं तर त्यात माझा स्वार्थ आहेच. पण कायद्याने थेट विक्रीला बंदी नाही, हे मी दुकानात येणाऱ्यालाही सांगतो.

तो कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याआधी १८७८ चा इंग्रजांचा कायदा होता. तुमच्या आजोबांचा पहिला परवाना कदाचित त्याच्याखालचा असेल. १९५९ च्या कायद्याचं कलम ५ म्हणतं की परवान्याशिवाय शस्त्रं बनवता किंवा विकता येत नाहीत. हे झालं माझ्यासारख्यांसाठी. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम तुमच्या वडिलांसाठी आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र किंवा दारूगोळा, ते बाळगण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या माणसाला विकता येतो, त्यासाठी विक्रीचा वेगळा परवाना लागत नाही. मात्र दोन अटी आहेत. एक, विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा. दोन, कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे.

हे ४५ दिवस बहुतेकांना ठाऊकच नसतात. ठाऊक असले तर ते करारनाम्याच्या तारखेपासून मोजतात. मोजायचे असतात तुमच्या पत्रावर आवकचा शिक्का पडला त्या तारखेपासून. १० जूनला शिक्का पडला तर २५ जुलैला ४५ दिवस भरतात. बंदूक २६ जुलै किंवा त्यानंतर हातातून सोडायची. मधल्या काळात घेणारा "नुसती बघायला नेतो, दोन दिवसांत आणून देतो" म्हणाला तरी नाही म्हणायचं. ओळखीचा माणूस आहे, वाईट वाटेल, वगैरे सगळं खरं. तरी नाही.

कायद्यात "किंवा" आहे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे. मी दोन्हीकडे द्यायला सांगतो. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत एक प्रत, कुडाळ पोलीस ठाण्यात एक, आणि दोन्हींची पोच आपल्या प्रतीवर, आवक क्रमांकासकट. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि पावती पत्राला टाचून ठेवायची. (मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त.)

पत्रात काय लिहायचं? परवाना क्रमांक, युआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदवहीतला एकमेव ओळख क्रमांक, परवान्याची मुदत, बंदुकीचा प्रकार, बोअर, बनवणाऱ्याचं नाव, नंबर. घेणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, त्याचा परवाना क्रमांक आणि युआयएन. आणि काडतुसं. हे हमखास राहतं. पोटकलमात शस्त्रांबरोबर दारूगोळाही आहे, त्यामुळे बंदुकीसोबत वीस काडतुसं जाणार असतील तर वीस असं पत्रात लिहायचं. आणि ऐन वेळी कागलवाल्यांनी माघार घेतली, त्यांच्या मेहुण्यांनी बंदूक घ्यायचं ठरवलं, तर जुनं पत्र चालणार नाही. पत्र त्या माणसाच्या नावाचं होतं. नवं पत्र, नवे ४५ दिवस.

आता नंबर. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्याकडे अडकलेली निम्मी प्रकरणं इथेच अडकलेली असतात.

जुन्या डबल बारच्या बंदुकीवर नंबर सहसा तीन ठिकाणी असतो: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, ज्या लोखंडी भागात नळ्या बसतात त्यावर, आणि नळ्यांखालच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर. नळ्या उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. बंदूक खोलायची सवय नसलेला माणूस वरवर दिसणारा आकडा उतरवून घेतो, आणि तो असतो पेटंटचा. त्या पेटंटच्या शेकडो बंदुका बाजारात असतात आणि सगळ्यांवर तोच आकडा. बर्मिंगहॅमच्या आणि बेल्जियमच्या बंदुकांवर तर चाचणीचे शिक्के, नळीचं माप, काडतुसाच्या घराची लांबी असं इतकं काही कोरलेलं असतं, की नवख्याने त्यातला कुठलाही आकडा "नंबर" म्हणून लिहावा.

याच्या जोडीला आपली देवनागरी. जुन्या परवाना पुस्तिकांमध्ये कारकुनांनी नंबर मराठी आकड्यांत लिहिलेत, बऱ्याचदा घाईच्या अक्षरात. पुढे नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कारकुनाने ते इंग्रजी आकड्यांत उतरवले, आणि त्यावरून कधीतरी संगणकात गेले. आपला चार इंग्रजी आठासारखा दिसतो. आपला एक इंग्रजी नवासारखा. एका गृहस्थांची बंदूक माझ्याकडे विक्रीला आली होती, तिच्यावर शेवटचे दोन आकडे चार आणि एक होते, आणि संगणकातल्या नोंदीत आठ आणि नऊ. पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पन्नास वर्षं कुणी नळ्या उतरवून ताडून बघितलंच नाही. विकायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, ही बंदूक कुणाची? आणि परवान्यावरची बंदूक कुठे आहे? दुरुस्तीला सात महिने गेले. त्यांनी काहीही गैर केलं नव्हतं.

म्हणून ते पहिलं पत्र लिहिण्याआधी जाणकाराकडून बंदूक खोलून घ्या, तिन्ही ठिकाणच्या नंबरांचे स्वच्छ फोटो काढा, आणि परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज, मग विक्रीचं पत्र. नंबर पुसट झालेला असेल तर स्वतः पॉलिश करू नका, पंच घेऊन पुन्हा ठोकू तर अजिबात नका. कलम ८ मध्ये खूण पुसणं, बदलणं, खोटी ठोकणं या सगळ्याला मनाई आहे, आणि बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा मंजूर ओळखखूण नसलेलं अग्निशस्त्र विकायलाही. कोकणातल्या दमट हवेत गंज चढून नंबर खाल्ला गेलेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. त्यात मालकाचा दोष नसतो, पण तशी बंदूक विकताही येत नाही. ते परवाना अधिकाऱ्यांसमोर अर्ज करून सोडवून घ्यावं लागतं.

घेणाऱ्याच्या बाजूला येऊ. "त्याच्याकडे परवाना आहे" हे वाक्य फार फसवं आहे. परवाना कशाचा? रिव्हॉल्व्हरचा असेल तर बारा बोअर त्यावर घेता येत नाही. शेतीसंरक्षणाचा असेल तर तो त्याच्या शेतापुरता. मुदत संपलेली आहे का? युआयएन पडलाय का, कारण त्याशिवायचा परवाना आता ग्राह्य धरत नाहीत. आणि जागा आहे का? २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. नेमबाजीच्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे. कागलच्या गृहस्थांकडे आधीच दोन असतील तर तुमची बंदूक त्यांना घेताच येणार नाही, मग ४५ दिवस जाऊ देत की ४५० दिवस.

म्हणजे ४५ दिवस उलटले म्हणजे मंजुरी मिळाली, असं समजू नका. कायद्यात "परवानगी घ्या" असा शब्द नाही, "कळवा आणि थांबा" एवढंच आहे. पण घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची मुभा आणि पुढे त्याच शस्त्राची नोंद लागतेच, आणि ती त्याचा परवाना अधिकारी करतो. जिल्हा वेगळा असल्यामुळे कोल्हापूरचं कार्यालय बहुधा सिंधुदुर्गकडून ना-हरकत मागेल. ती मागण्यात चूक नाही. मी तर म्हणेन तुम्ही स्वतःच आधी मागून ठेवा. लेखी ना-हरकत हातात असेल तर पुढचे पंधरा प्रश्न कुणी विचारत नाही.

बघून घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, फक्त घेणाऱ्यावर नाही. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे याची आधी खातरजमा न करता ते त्याच्या ताब्यात देणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. कलम ९ प्रमाणे २१ वर्षांखालच्या, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विशिष्ट व्यक्तींना, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राखाली असलेल्यांना शस्त्र विकता येत नाही. मनाचं संतुलन हरपलेल्यालाही नाही. "मला माहीत नव्हतं" हे म्हणायला जागा आहे, पण कायदा "माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं" असं विचारतो. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तुम्हालाच माहीत नव्हती, हे कोर्टात पटवणं अवघड.

पत्र न देता किंवा ४५ दिवसांच्या आत विकलं तर त्यासाठी कलम २५ मध्ये वेगळं पोटकलम आहे, त्यात कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि परवानाच नसलेल्याला विकलं, तर मग तुम्ही खासगी विक्रीच्या सवलतीतच बसत नाही. तो कलम ५ चा थेट भंग होतो, आणि २०१९ पासून त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "तो परवाना काढणारच आहे, अर्ज केलाय" असं सांगणाऱ्याला बंदूक देणारे लोक अजून आहेत. म्हणून आकडा मुद्दाम सांगितला.

आता प्रत्यक्ष ताबा. ४५ दिवस झाले, ना-हरकत आली, समोरच्याच्या परवान्यावर मुभा आहे. घेणाऱ्याने मूळ परवाना घेऊन स्वतः यावं. मुलगा, ड्रायव्हर, पुतण्या नको. त्याचा परवाना फक्त कोल्हापूर जिल्ह्यापुरता आहे की महाराष्ट्रभर, हे वाचून घ्या, कारण बंदूक घेऊन त्याला घाट चढून जायचंय. बंदूक रिकामी, खोलून पेटीत, काडतुसं वेगळी.

ताबापावती दोन प्रतींत करा. इथे तुमचा स्टॅम्पपेपर वापरायचा असेल तर वापरा, साध्या कागदावरही चालेल. दोघांचे परवाना क्रमांक, बंदुकीचं पूर्ण वर्णन, काडतुसांची संख्या, पत्र दिल्याचा आवक क्रमांक आणि तारीख, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वेळ लिहा म्हणतो त्याला कारण आहे. दुपारी अडीचला बंदूक गेली आणि रात्री तिच्यातून बार झाला, तर तो अडीचचा आकडा तुम्हाला वाचवतो. घेणाऱ्याच्या परवान्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स घ्या, कोऱ्या पानांचीही. कोरं पान म्हणजे त्या दिवशी त्यावर काही अट किंवा निलंबन लिहिलेलं नव्हतं याचा पुरावा.

पैसे बँकेतून. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि जुन्या विलायती बंदुकीची किंमत त्यापलीकडे सहज जाते. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून वेब्ली, ग्रीनर अशा विलायती कंपन्यांच्या आपल्याकडे आहेत तेवढ्याच बंदुका या हातातून त्या हातात फिरतायत. त्यामुळे तुमच्या आजोबांच्या बंदुकीवर काय नाव कोरलंय ते विकण्याआधी नीट वाचून घ्या. बागेत माकडं हाकलायला घेतलेली बंदूक कधी कधी फार खानदानी निघते. पण दोन लाखांहून कमी किमतीचा व्यवहार असला तरी बँकेतूनच करा, कारण बँकेची नोंद हा तारखेचा तिसरा पुरावा असतो, आणि तो तुमच्या कपाटावर अवलंबून नसतो.

यानंतरची पायरी लोक सोडतात. ताबा दिला त्याच आठवड्यात वडिलांचा मूळ परवाना आणि ताबापावतीची प्रत घेऊन गृह शाखेत अर्ज करा: अमुक शस्त्र अमुक तारखेला अमुक परवानाधारकाला विकले, माझ्या परवान्यावरून आणि संगणकीय नोंदीतून ते कमी करावे. परवान्यावर शिक्का-सहीनिशी नोंद कमी झालेली डोळ्यांनी बघा. मग घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद चढली त्या पानाची प्रत त्याच्याकडून मागवा. तो देणारच. पण पैसे देऊन झाल्यावर कंटाळा करतो, म्हणून शेवटचा हप्ता या पानाच्या प्रतीवर ठेवण्याची पद्धत आमच्या धंद्यात आहे. वाईट वाटून घेऊ नये, घेणाऱ्यालाही तिचा फायदाच आहे.

परवान्यावर आता एकही शस्त्र उरलं नसेल आणि वडिलांना नवं घ्यायचं नसेल, तर परवाना जमा करून टाका आणि त्याची पोच घ्या. रिकामा परवाना घरात ठेवून पाच वर्षांनी नूतनीकरणाला धावायचं कशाला?

कागद किती वर्षं ठेवायचे, असं तुम्ही विचारलंत. मी विक्रेता असल्यामुळे मला साठ्याची आणि विक्रीची नोंदवही ठेवावी लागते, अधिकारी केव्हाही तपासायला येऊ शकतात, आजोबांच्या काळातली बाडं अजून माझ्या माळ्यावर आहेत. तुमच्यासारख्या खासगी माणसाकडून कुणी नोंदवही मागत नाही. पण बंदुकीचं आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठं असतं. १९२० सालची बंदूक मी गेल्या वर्षी विकली, ती अजून शंभर वर्षं चालेल. तिच्या हातून पुढे काही घडलं, तर तपास नंबरावरून मागे मागे येतो, आणि प्रत्येक जुन्या मालकाच्या दारात थांबतो. म्हणून कायम ठेवा. वडिलांच्या नंतरही. जमिनीचे जुने फेरफार जिथे ठेवता, तिथेच.

माझ्याकडे येणाऱ्या एका वयस्कर गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. नव्वदीच्या दशकात त्यांनी एक सिंगल बार विकली, बाँडवर लिहून. पोलीस ठाण्यात पत्र दिलं होतं, ४५ दिवसही थांबले होते, पण स्वतःच्या परवान्यावरून नोंद कमी करून घ्यायची राहिली. पुढे परवाना नूतनीकरणाला नेत राहिले आणि कार्यालयही "शस्त्र एक" असं बघून शिक्का मारत राहिलं. घेणारा वारला, त्याच्या मुलांनी बंदूक जमा केली नाही, आणि ती एका छाप्यात तिसऱ्याच माणसाकडे सापडली. नंबरावरून पोलीस यांच्या घरी. परवान्यावर बंदूक आहे, घरात नाही. बाँड दाखवला, बाँडवर नोटरी होती, पण घेणाऱ्याच्या परवान्याचा नंबरच नव्हता. शेवटी पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचं ते जुनं पत्र देव्हाऱ्याखालच्या पेटीत, पंचांगांच्या चळतीत सापडलं. तेवढ्यावर ते आरोपी न ठरता साक्षीदार झाले. तारखा मात्र दोन वर्षं चालल्या, आणि प्रत्येक तारखेला ते ७८ वर्षांचे गृहस्थ एसटीने जात होते.

तुमच्या मित्राच्या भावाने ह्यूस्टनहून "बिल ऑफ सेल" चा नमुना पाठवलाय, असंही तुम्ही लिहिलंय. तो तिथेच राहू द्या. अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेऊन जपावा लागतो, पण एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी माणसांमधल्या विक्रीला तसली सक्ती नाही. आणि टेक्सास राज्यानेही स्वतःची घातलेली नाही. म्हणून तिथले लोक स्वतःच्या बचावासाठी असा कागद करतात. कॅलिफोर्नियात गेलात तर खासगी विक्रीही दुकानदारामार्फतच करावी लागते. आपल्याकडे पायाच वेगळा आहे: शस्त्र परवान्याला बांधलेलं, परवाना माणसाला बांधलेला. दोघांच्या सह्यांचा कागद त्या गाठी सोडवू शकत नाही.

तुमच्या प्रकरणात दोन वळणं येऊ शकतात, ती आधीच सांगून ठेवतो. परवाना चालू आहे म्हणता, पण मुदतीची तारीख बघा. ४५ दिवस आणि कार्यालयाचा वेळ धरला तर मधेच तो संपू शकतो. २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे, त्यामुळे लोक गाफील राहतात. मुदत संपली की ताबा कायदेशीर राहत नाही, आणि खासगी विक्रीची सवलत फक्त कायदेशीर ताब्यातल्या शस्त्राला आहे. मग कलम २१ लागू होतं: विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. जमा करणारा, किंवा तो वारला तर त्याचे कायदेशीर वारस, ठरलेल्या मुदतीत हक्काच्या माणसाला ते विकू शकतात. मुदत गेली तर मात्र जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. जमा केल्याची पावती जपा, तिच्यावर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. "एक बंदूक" एवढंच लिहिलेली पावती घेऊन परतू नका. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायला सांगतात तेव्हाही हाच नियम. आणि त्या काळात विक्रीच्या फायलीला हात लागण्याची आशा धरू नका.

दुसरं, विकायलाच हवी का? २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, यातलं जे आधी होईल त्यावर, तो हयातीतच वारसाला नामनिर्देशित करू शकतो आणि वारसाला त्या शस्त्राचा परवाना मिळू शकतो. वडील ७४ चे आहेत, म्हणजे बसतं. तुम्हाला अर्ज, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला हे सगळं करावं लागेल, दोन शस्त्रांची मर्यादाही लागू राहील. करा असं मी म्हणत नाही. वापरायची नसेल तर बंदूक घरात नको, हेच माझं मत. पण विकल्यावर तीन महिन्यांनी "आजोबांची होती हो" म्हणत परत येणारे लोक मला भेटतात, म्हणून सांगितलं.

राहिली काडतुसं. जुन्या घरात पुठ्ठ्याची, फुगलेली, हिरवट पितळेची काडतुसं कुठल्या तरी डब्यात असतातच, बऱ्याचदा खडकीच्या कारखान्याची. ती विकू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत नको, फोडून दारू काढणं तर नकोच. मोजून, लेखी देऊन पोलीस ठाण्यात किंवा माझ्यासारख्या कुणाकडे जमा करा आणि आकड्यासकट पावती घ्या. परवान्यावर खरेदी केलेल्या काडतुसांची नोंद असते, उरलेली किती हे कुणीतरी कधीतरी विचारतं.

दुकानामार्फत करायचं ठरवलंत तरी पहिलं पत्र आणि ४५ दिवस चुकत नाहीत, कारण दुकानदार हाही कायद्याच्या भाषेत "दुसरी व्यक्ती"च. फरक इतकाच की पुढचं ताडून बघणं, नोंदी, परवान्यावरच्या सह्या हे तो करतो आणि त्याच्या वहीत ते कायम राहतं. त्याचं कमिशन तुम्हाला खटकत असेल तर थेट करा. फक्त सोमवारी ओरोसला जाण्याआधी रविवारी बंदुकीच्या नळ्या कुणा जाणकाराकडून उतरवून घ्या आणि तो नंबर वाचा.